पायगुणाची चाकं

महादेवराव उगेमुगे यांच्या घरी दर शुक्रवारी गाडीच्या चाकांना हळदकुंकू लागत असे. गाडीला नाही, चाकांना. कौशल्याबाई आंघोळ आटोपून तांब्या घेऊन अंगणात उतरायच्या, चारही चाकांवर पाणी शिंपडायच्या, बोटाने ठिपका लावायच्या आणि हात जोडायच्या. गाडी म्हणावी तर साधी, पांढरी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. चाकं मात्र नवरदेवाच्या बुटांसारखी होती. सतरा इंची, काळी-चंदेरी अलॉयची, आणि त्यांच्यावरची रबराची पट्टी इतकी बारीक की लांबून पाहावं तर नुसती धातूची चकतीच रस्त्यावर फिरते आहे असं वाटावं.

या पूजेचं कारण पुलगावातल्या त्यांच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. महादेवरावांची नात अपेक्षा हिला जन्मापासून सिकलसेल होता. आईच्या रक्तात थोडा, बापाच्या रक्तात थोडा, दोघांनाही कधी त्रास नाही. पोरीच्या वाट्याला मात्र सगळा आला. अशा माणसाच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकून बसतात आणि मग हाडांतून कळा निघतात. पाठ, मांड्या, दंड, कुठेही. दर महिन्या-दीड महिन्याला तिला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करून सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागे. गेल्या दसऱ्याला तिच्या बापाच्या, म्हणजे प्रफुलच्या, एका मित्राने आपली गाडी विकायला काढली, तेव्हा त्याची ही झकपक चाकं प्रफुलने घेतली आणि आपल्या गाडीला लावली. मूळची चाकं त्याच मित्राला देऊन टाकली. तेव्हापासून अपेक्षाला एकदाही दवाखान्यात भरती करावं लागलं नव्हतं. दिवाळी गेली, थंडी गेली. थंडी म्हणजे तिच्यासाठी सगळ्यात वाईट दिवस, तेही गेले.

"चाकाचा पायगुण हाय," कौशल्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "सून घरात येते तवा आपण पायगुण पाह्यतो का नाई? मंग?"

प्रफुल असल्या गोष्टी मानणारा नव्हता. त्याचं कृषी केंद्र होतं, बियाणं आणि खतं विकता विकता तो शेतकऱ्यांच्या नवसासायासांची थट्टा करायचा. पण पोरीच्या बाबतीत माणूस कशावरही विश्वास ठेवतो. आधी तो आईच्या बोलण्यावर नुसता हसायचा, मग हसणं थांबलं, आणि होळीपर्यंत तो स्वतःच दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगू लागला, "मानत नव्हतो मी. पण पोरीचं दुखणं थांबलं भाऊ, खरी गोष्ट हाय."

चाकं लावली त्याच सुमारास डॉक्टरांनी एक नवीन कॅप्सूलही सुरू केली होती. महादेवरावांच्या मनात ते येई. पण ते बोलत नसत. त्यांची सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. कोणी पुस्तक मागितलं की काढून द्यायचं, परत आलं की जागेवर लावायचं. चार माणसांत आपलं म्हणणं मांडायची वेळ आली की त्यांना आपलंच म्हणणं चुकीचं वाटायला लागे. शिवाय घरात इतक्या वर्षांनी हसू आलेलं. त्यात आपण कशाला नाक खुपसायचं, असं वाटून ते गप्प राहत.

होळीनंतरच्या आठवड्यात एका दुपारी घरातल्या बायका शेजारी बारशाला गेल्या होत्या. महादेवराव पुस्तक घेऊन ओसरीवर बसले होते. आतून एक आवाज आला. मांजर खोकल्यावर येतो, तसा. ते उठून आत गेले. अपेक्षा भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि ओढणीचा बोळा तिने तोंडात कोंबला होता.

काय झालं हे कळायला त्यांना विचारावं लागलं नाही. ते फोनकडे वळले, तशी तिने त्यांचं मनगट धरलं.

"पप्पाले नोका सांगू, आबाजी."

"अवं माय, अंगावर काढायचं दुखणं नाई हे."

"थांबते थोड्या वेळानं. मागच्या खेपीले थांबलं होतं."

"मागच्या खेपीले? म्हणजे आधीबी झालं?"

महादेवरावांनी तिला पाणी पाजलं, पाठीशी गरम पिशवी दिली, आणि तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कळ ओसरल्यावर ती तुकड्यातुकड्याने बोलली. हिवाळ्यात पुष्कळदा झालं होतं. आईला, रक्षाला, ती पोट दुखतं म्हणून सांगायची, आईला वाटायचं महिन्याचं असेल.

"पण काऊन व, माय? दवाखान्यात गेलं का सलाईन लागते, आराम पडते. तुले माहीत हाय."

"थ्या गाडीत मले मागं झोपवत नाई, आबाजी. पह्यले एवढं नोतं. आता हरेक दणका सिद्धा हाडात जाते. थ्या सिमेंटच्या रस्त्यावर तं टक, टक, टक... दवाखाना येईपर्यंत मी मरून जाईन असं वाटते." मग म्हणाली, "आन पप्पा सगळ्याइले सांगतात, चाकं लावली आन पोरगी चांगली झाली. मंग मी कसं सांगू?"

महादेवरावांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी घरच्यांना बजावून ठेवलं होतं, ताप आला किंवा छातीत दुखायला लागलं तर घरी थांबायचं नाही, त्या क्षणी निघायचं. आणि ही पोर तर तोंडात बोळा कोंबून थांबत होती. पुढची कळ छातीत उतरली आणि ही तशीच भिंतीकडे तोंड करून पडून राहिली तर? चारचौघांत ते हसून बोलत, जेवत, पेपर वाचत, आणि मनात हे एकच चालू असे.

मग चैत्रात रेल्वे फाटकापाशी गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि टायरच्या अंगाला अंड्याएवढा फुगा आला. प्रफुलने ते चाक काढून स्टेपनी लावली. बाकीचे तिन्ही टायरही घासले होते, चारही बदलावे लागतील असं ठरलं. सेवाग्रामला अपेक्षाच्या तपासणीची तारीख होतीच; सकाळी लवकर निघायचं, वर्ध्याला ओळखीच्या पियुषच्या टायरच्या दुकानात टायर टाकायचे आणि मग पुढे दवाखान्यात जायचं.

महादेवरावांना वाटलं, ही संधी आहे. गुपित न फोडता काम होईल. नुसते टायर नव्हे, चाकंच जर पुन्हा जुन्या मापाची झाली तर पोरीची निम्मी भीती तरी जाईल.

त्यांनी आयुष्यात गाडी चालवली नव्हती. पण गाडीसोबत आलेली पुस्तिका कप्प्यात पडलेली होती, ती त्यांनी काढली आणि एखाद्या पोथीसारखी वाचली. टायरच्या अंगावर जे आकडे असतात त्यांचा अर्थ त्यांना कळला. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्क्याचा, म्हणजे रुंदीच्या किती टक्के रबराची उंची. तिसरा आतल्या रिमचा, म्हणजे धातूच्या चकतीचा, इंचात. या गाडीचं कंपनीचं माप होतं एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा. प्रफुलने लावलेलं दोनशे पाच, पंचेचाळीस, सतरा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी गुणाकार केला. जमिनीपासून रिमपर्यंत जुन्या टायरला एकशे बत्तीस मिलिमीटर रबर होतं, नव्याला ब्याण्णव. बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच. आत धातू वाढला आणि रबर चार सेंटिमीटर कमी झालं. त्यांनी पुन्हा गुणाकार केला, कारण स्वतःच्या गणितावर त्यांचा भरवसा नव्हता. तेवढंच आलं. रस्त्याचा दणका जे पिऊन घेतं ते रबर आणि त्यातली हवा, आणि त्या पोरीच्या वाट्याची तेवढी मऊ जागा कोणीतरी काढून घेतली होती.

निघताना कौशल्याबाई फाटकापर्यंत आल्या.

"रबर बदल, पण चाकं थेच ठेवजो बरं का रे!"

"तेच तं करून राह्यलो, आई."

"आन तुमी," त्या महादेवरावांना म्हणाल्या, "तिथं काई पुस्तकातलं सांगत नोका बसू त्याले. दुकानदार हासतात."

महादेवराव मागे अपेक्षाजवळ बसले. एरवी ते पुढे बसत. मोठ्या रस्त्याला लागल्यावर सिमेंटच्या फरशांचे जोड सुरू झाले. पुढे बसून त्यांना ते कधी जाणवले नव्हते. मागे मात्र प्रत्येक जोड बुडाखालून वर येत होता. टक. टक. टक. अपेक्षा खिडकीबाहेर पाहत होती. तिचा हात त्यांच्या हातात होता, आणि प्रत्येक जोडाला तिची बोटं किंचित आवळत, जणू तो येणार हे तिला आधीच ठाऊक असावं.

"दुखते काय व?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

पियुषचं दुकान नागपूर रस्त्याला होतं. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. पोराने टायरचा धंदा काढला आणि तो चांगला चालला होता. बोलायला तरतरीत माणूस. गाडी पाहून तो बाहेर आला आणि पुढच्या चाकाकडे पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"प्रफुलभाऊ, हे काय? तीन पायात बूट आन एका पायात स्लीपर?"

"स्टेपनी हाय बे थे. कंपनीची. चार टायर टाक, हेच माप."

"आहेत ना. दोनशे पाच पंचेचाळीस, आजच टाकून देतो. नाहीतर सोळा इंचीचा एक नवा डिझाइन आला आहे, एकदम मस्त." मग त्याने महादेवरावांना नमस्कार केला. "काकाजी, बसा जी. पाणी आणू?"

अपेक्षा दुकानातल्या पंख्याखाली खुर्चीवर बसली आणि आपल्या बाटलीतलं पाणी पिऊ लागली. महादेवराव उभेच राहिले. वाटेत त्यांनी वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. आता ती कुठे गेली कोण जाणे.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "ह्या स्टेपनीचं माप... म्हणजे चौदा इंची. थेच चारही लावले तं?"

"कायले?" प्रफुल म्हणाला.

"रबर जास्त असते. दणका कमी बसते. पुस्तिकेतबी थेच माप हाय."

"पुस्तिकेत तं अजून काय काय असते, बाबूजी."

पियुष हसला, पण वाईट हसला नाही. "काकाजी बरोबर बोलून राह्यले. बसायला ते मऊ असते. पण ह्या गाडीला आता चौदाची चाकं लावली ना, तर मोठ्या माणसाने लेकराची चप्पल घातल्यासारखी दिसन. अलॉय लावून मग पत्र्याच्या रिमवर कोणी येत नाही, काकाजी. उलट लोक नवीन गाडी शोरूममधून काढतात, सिद्धे इकडे येतात अन् कंपनीची चाकं माझ्या इथं टाकून जातात. पाहा, ढीग लागला आहे मागे."

"दिसण्याचं नाई रे," प्रफुल एकदम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तुले माहीत नाई पियुष. ही चाकं लागल्यापासून पोरीले एकबी अटॅक नाई आला. दिसायसाठी नाई ठेवून राह्यलो मी. उद्या चाकं बदलली आन पुन्हा सुरू झालं, तं मी स्वतःले काय सांगू?"

महादेवरावांनी अपेक्षाकडे पाहिलं. ती खाली मान घालून बाटलीचं झाकण फिरवत होती. उघडायची, लावायची.

"पंधरा इंची तरी पाह्य," ते पुटपुटले. "मधलं माप."

"बाबूजी, तुमी बसा ना जी. मी पाह्यतो."

एरवी एवढ्यावर ते बसले असते. खुर्चीकडे वळलेही. त्यांना वाटलं, आपण कोण सांगणारे? गाडी त्याची, पोरगी त्याची. आणि पोरीने विश्वासाने सांगितलेलं. पण खुर्चीकडे वळताना त्यांना ती दिसली. तिने एक हात खुर्चीच्या मागे नेऊन कमरेखाली दाबून धरला होता, कोणाला दिसू नये अशा बेताने.

"प्रफुल," ते म्हणाले. "जरा बाहेर ये."

शेजारी उसाच्या रसाची गाडी होती. तिच्या आडोशाला उभं राहून त्यांनी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. बारशाची दुपार आधी सांगितली, मग हिवाळा, मग पुन्हा मागे येऊन ओढणीचा बोळा. प्रफुल ऐकत होता. आधी त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"खोटं," तो म्हणाला.

"मी डोळ्यानं पाह्यलं."

"एकदा झालं असन. एखाद्या वेळी होते."

"एकदा नाई, बापा. थंडीभर झालं. तिनं सांगतलं नाई, कारण तू इतका खूश होता. आन कारण थ्या गाडीत झोपून जायची तिले धास्ती बसली. मी आज मागं बसलो. तू कधी बसला का रे, आपल्या गाडीत मागं?"

प्रफुल तरातरा दुकानाकडे गेला. महादेवरावांना वाटलं, आता पोरीवर ओरडणार. पण तो तिच्याकडे न पाहता गाडीपाशी गेला, मागचं दार उघडलं आणि आत शिरून आडवा झाला. मोठा, भरल्या अंगाचा माणूस. गुडघे पोटाशी घेतले तेव्हा कुठे दार लागलं.

"पियुष, चालव."

"अरे पण भाऊ, टायर..."

"हळू चालव, पण चालव. सिमेंटच्या रस्त्यानं घे."

पियुषने महादेवरावांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. गाडी रस्त्याला लागली.

महादेवराव दुकानात येऊन अपेक्षाच्या शेजारी बसले. वर पंखा कुरकुरत होता. टायरचा तो उग्र, गोडसर वास सगळीकडे भरलेला होता.

"सांगतलं तुमी," अपेक्षा म्हणाली.

"हो."

"मी तुमालेच सांगतलं होतं. दुसऱ्या कोणाले नाई."

"हो, माय."

"आता पप्पा पुन्हा पह्यलेसारखे होतील. रोज सकाळी उठले का आधी माह्या तोंडाकडे पाह्यत. आता पुन्हा तसेच पाह्यतील."

महादेवरावांनी एवढी पुस्तकं वाचली, पण अशा वेळी त्यातलं एक वाक्य कामाला येत नाही. तिने खुर्ची त्यांच्यापासून थोडी लांब सरकवली. तरी ते उठले नाहीत.

गाडी परत आली तेव्हा पियुष आधी उतरला आणि आत जाऊन पाणी प्याला. मागचं दार बराच वेळ उघडलं नाही. काचेतून प्रफुलच्या पाठीचा शर्ट दिसत होता. तो सीटकडे तोंड करून पडला होता, अपेक्षा पडायची तसाच. मग तो उठून बसला, बाहेर आला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. दणका त्याला तरी किती लागला असणार? धडधाकट माणूस. पण तेवढा वेळ तिथे पडून त्याने काय काय आठवलं असेल ते त्याच्या तोंडावर उमटलं होतं.

"पियुष, हे काढ," तो म्हणाला. "चारही. चौदाची लाव."

"अलॉय नको मग?"

"पत्र्याची लाव. उंच रबर पाह्यजे फक्त."

"नट बदलावे लागतील, यांचे नट वेगळे असतात. थोडा वेळ जाईल."

"जाऊ दे."

कामगारांनी गाडी जॅकवर चढवली. मागच्या ढिगातून पत्र्याच्या साध्या काळ्या रिम निघाल्या, त्यांच्यावर एकशे पासष्टचे नवे टायर चढू लागले. एकेक अलॉय निघून भिंतीला टेकलं. आऱ्यांच्या मधोमध सुकलेल्या हळदीचे थर बसले होते, एकावर एक. पियुषने ते पाहिलं आणि फडक्याने पुसायला हात पुढे केला, पण मग मागे घेतला.

प्रफुल अपेक्षासमोर उकिडवा बसला. महादेवरावांना वाटलं उठून जावं, पण जागा सोडली असती तर तेही दिसलं असतं.

"तू मले काऊन नाई सांगतलं?"

ती झाकण फिरवत राहिली.

"मी रागावलो असतो काय?"

"नाई."

"मंग?"

"तुमी रडले असते," अपेक्षा म्हणाली.

प्रफुल खाली पाहू लागला. त्याच्या हाताला गाडीची धूळ लागली होती, ती तो अंगठ्याने चोळत राहिला. "रडलो तं रडलो," तो शेवटी म्हणाला. "बाप हाय मी तुहा. रडीन, मंग गाडी काढीन. तू काय मले जपत बसली, येडे? तुह्यासाठी मी हाय का माह्यासाठी तू?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला. हसू होतं की दुसरं काही, ते कळलं नाही. तिने बाटली खाली ठेवली.

"पप्पा."

"बोल."

"दुखून राह्यलं."

प्रफुलने मान वर केली. "आता?"

"सकाळपासून. कमरेत हाय. आन इथं." तिने तळहात छातीच्या डाव्या बाजूला ठेवला. "श्वास घेतला का इथं टोचते."

प्रफुल उठला तो असा की खुर्ची मागे पडली. गाडी जॅकवर होती. तिला एकही चाक नव्हतं. तो त्या रिकाम्या चार जागांकडे पाहत एक क्षण उभा राहिला.

"पियुष!"

"माझी गाडी आहे ना भाऊ," पियुष चावी शोधत म्हणाला. "बाजूलाच उभी आहे. चला."

दोघांनी अपेक्षाला मधे धरलं. आता ती लपवत नव्हती. एकेक पाऊल टाकताना तिच्या तोंडून बारीक आवाज निघत होता आणि ती तो निघू देत होती. पियुषची गाडी जुनी होती, मागच्या सीटवर कसलीशी खोकी होती, ती त्याने भराभर रस्त्यावर टाकली. प्रफुल मागे बसला आणि तिचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. दार लावता लावता तो महादेवरावांना म्हणाला, "तुमी थांबा इथं. गाडी..." पियुषने गाडी वळवली.

महादेवराव दुकानात एकटे उरले. कामगार आपलं काम करत होते. चाक बसवायचं, नट आवळायचे, दुसरं घ्यायचं. काळी, साधी चाकं एकामागून एक लागत होती आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी दिसू लागली होती, जरा गरीब, जरा जुनी. त्यांनी टायरच्या अंगावर हात ठेवला. रबर उंच होतं, बोटांनी दाबलं तर दबत नव्हतं. हाताला ते तेवढंच कठीण लागत होतं. मग त्यांना वाटलं, आपण चार सेंटिमीटरच्या पाठीमागे एवढे दिवस लागलो. खरं म्हणजे पहिल्याच दुपारी फोन उचलायला हवा होता. आणि लगेच हेही वाटलं, की आजही बोललो नसतो तर ती छातीवर हात ठेवून तशीच बसली असती, झाकण उघडत, लावत.

फोन वाजला तेव्हा त्यांना तो खिशातून लवकर काढता येईना.

"बाबूजी, भरती केलं," प्रफुल म्हणाला. मागे दवाखान्याचा गलका ऐकू येत होता. "ऑक्सिजन लावला. सलाईन लावली. फोटो काढाले नेतात आता छातीचा. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलं. पण पक्कं काई सांगत नाई, पाह्यू म्हणतात. हिवाळ्यात कितीदा दुखलं थे तिले विचारून राह्यले. ती सांगून राह्यली सगळं. रक्षाले फोन केला. ती येते रेल्वेनं. आईले मी सांगीन. चाकाचं, सगळं. तुमी नोका सांगू."

"बरं."

"थांबा, तिले बोलायचं हाय."

बराच वेळ नुसता खरखराट आला. मग अपेक्षाचा श्वास, उथळ आणि तुटक.

"आबाजी."

"बोल, माय."

"दुखते अजून."

"हो."

"लय दुखते."

"हो, माय. सांग त्याइले. दुखते तवा तवा सांग."

त्यांनी फोन कानाला घट्ट धरला होता.

"तुमी या," ती म्हणाली.

"येतो."

शेवटचं चाक अजून लागायचं होतं. एक कामगार पाना हातात घेऊन विचारत होता, "काकाजी, ही जुनी अलॉय डिक्कीत टाकू काय?" महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्यांना तो प्रश्न नीट ऐकूच आला नाही. ते दुकानाच्या पायऱ्या उतरून उन्हात आले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून, आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून, पलीकडून जाणाऱ्या ऑटोला हाका मारू लागले.